नावाचं कडवं

मंगळवारच्या डाकेत माझ्या नावाचं एक कार्ड होतं. माझी खासगी डाक कचेरीच्या पत्त्यावर येते हे आमच्या नक्कल खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. शिपाई कार्ड टेबलावर ठेवतो, 'गाणं आलं' म्हणतो आणि पुढे जातो. थंडीच्या दिवसांत भीमराज पाटणबोरीकर आपली गायनपार्टी घेऊन जिल्हाभर फिरतात. गाणी त्यांचीच, चालीही त्यांच्याच. त्यांच्या मागे मागे गावोगाव जाणारे आम्ही सात-आठ वेडे आहोत आणि कार्यक्रम झाला की एकमेकांना कार्डं लिहितो. किती माणूस होतं, आवाज कसा लागला, कोणतं गाणं दोनदा म्हणायला लावलं, ढोलकीवाला शुद्धीवर होता की नाही. जाणारे आम्ही असं म्हणालो खरं, पण मी जात नाही. मी यवतमाळात बसून वाचतो.

हे कार्ड ढाणकीचं होतं. अक्षर अनोळखी, टपोरं, रेघ सोडून वर चढत गेलेलं. लिहिणारे कुणी वामनराव म्हणून, कापसाची शेती असलेले, पेटीचा नाद असलेले. माझा पत्ता त्यांना धर्मपाल कंडक्टरने दिला होता. 'तुमचे मंडळींत बसणे आमच्या घरी चालत नाही, सबब मंडपाबाहेर बंडीवर बसून ऐकले,' असं त्यांनी सरळच लिहिलं होतं. पुढे आवाजाविषयी चार ओळी होत्या आणि त्या फार चांगल्या होत्या. वरच्या सुराला पोचताना आवाज चिरतो, पण चिरतो तिथेच गोड लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावत वाचत होतो. मग हे आलं: 'नागपूरच्या वाटेचे गाणे फारच रंगले. त्यातील नावाच्या कडव्यात आमच्या गावच्या पंचफुलाचे नाव घेतले तेव्हा बायका रडू लागल्या. ही बाई आमचेच वावरात निंदायला येते. ती पायी नागपूरला गेली होती हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि कार्ड पालथं घातलं. समोर एका खरेदीखताची नक्कल अर्धी झालेली होती. चतुःसीमेपासून पुढे लिहायला घेतलं. पूर्वेस नाला, पश्चिमेस हिरासिंगाचं वावर. चार ओळी झाल्यावर पाहिलं तर पूर्वेस नाला मी दोन वेळा लिहिला होता. अठरा वर्षांत कागद वाया घालवण्याची ही माझी तिसरी-चौथी खेप असेल. हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. मी नवा कागद घेतला. मला राग आला होता, आणि तो कुणावर आला होता ते काही केल्या ठरत नव्हतं. पंचफुलावर तर नक्कीच नाही. त्या बिचारीला मी कधी पाहिलेलंही नाही.

नागपूरच्या वाटेचं गाणं मी आयुष्यात एकदाच ऐकलं आहे. एकोणसाठ साली, मारेगावला. सत्यभामाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुदतीचा ताप, तो उतरला आणि पुन्हा चढला, आणि ती माहेरीच गेली. वर्षाच्या दिवशी मी सासऱ्यांकडे गेलो होतो आणि त्याच दिवशी बाजाराच्या मैदानावर पाटणबोरीकरांचा कार्यक्रम होता. जायची माझी इच्छा नव्हती. घरात सगळे मला खायला घालून मारत होते, त्यातून सुटका म्हणून गेलो आणि मागे एका बंडीच्या चाकाला टेकून बसलो. दीक्षेच्या साली बाया कशा निघाल्या, कुणी भाकरी बांधून, कुणी पोर पाठीशी मारून, कुणाच्या पायाला चिंध्या, असं ते गाणं. साधं गाणं आहे. कडव्यामागून कडवं येतं आणि चाल हळूहळू चालण्याची होत जाते. मी अर्धवट ऐकत होतो. आणि एकदम त्या माणसाने हात वर केला, ढोलकी थांबली, पेटीचा नुसता एक सूर राहिला, आणि तो म्हणाला,

पायी नाही वहाण, डोई नाही छाया,
सत्यभामा निघाली नागपुराला जाया.

माझ्या बायकोचं नाव. ते नाव मी स्वतः कधी मोठ्याने घेतलेलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धत नाही, आणि ती गेल्यावर घ्यायचं कुणासाठी. ते तीनशे माणसांवरून गेलं आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचलं. पुढे बसलेल्या बाया रडत होत्या. त्यांत माझी सासू होती. मी रडलो नाही. चाकाचा आरा मी इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी सही करताना तळवा दुखत होता.

हे का झालं ते सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही. छप्पन साली दसऱ्याला सत्यभामा मारेगावलाच होती. तिथून तिने एका येणाऱ्याजवळ निरोप धाडला: 'आमी समद्या बाया नागपूरले जाऊन राह्यलो. तुमी येता का?' मी रजेचा अर्ज लिहिला. सुंदर लिहिला, माझं अक्षर चांगलं आहे. दोन दिवस तो खिशात ठेवला. तेव्हाचे साहेब फार कडक होते, नोकरीला आठ-नऊ वर्षं झाली तरी धाक गेला नव्हता, आणि आपल्या माणसाला सरकारी टेबल मिळतं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं कळेल. अर्ज मी दिला नाही. उलट निरोप पाठवला की पायी जाण्याचा हट्ट करू नये. ती गेली. पाच दिवस चालली. तिथे काय पाहिलं, काय म्हटलं, पांढरं लुगडं कुणाचं मागून नेलं, हे सगळं तिने यवतमाळला परत आल्यावर मला सांगायला सुरुवात केली होती. दाराशी बसली होती, पाय सुजून गुळगुळीत झाले होते, बोटांमधली कातडी सोलली होती. मी ते पाय पाहिले आणि म्हणालो, "झालं समाधान?"

ती रागावली नाही, रुसली नाही. उठून चूल पेटवली. नंतर दोन वर्षं आम्ही बरे राहिलो. मीही पुढच्या साली इथल्या मैदानावर दीक्षा घेतली. ती पाटीवर आपलं नाव काढायला शिकली, आणि भ ची गाठ उलटीकडून मारायची. पण नागपूरचं ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मीही विचारलं नाही. आज नाही उद्या विचारू असं वाटत राहिलं आणि मग ताप आला.

तेव्हा मारेगावच्या मैदानावर मला जे वाटलं ते असं, की मी जे ऐकून घेतलं नाही ते आता सगळा जिल्हा ऐकतो आहे. एक कवी उठला, त्याला कुठून तरी माझी बायको कळली, आणि त्याने तिला गाण्यात घातलं. आता तो दारव्ह्याला जाईल, दिग्रसला जाईल, पुसदला, उमरखेडला, आणि प्रत्येक गावी हात वर करून तिचं नाव घेईल. ती चालतच राहील. माझ्या एका वाक्याने ती जी दाराशी थांबली होती ती पुन्हा निघाली, असं काहीसं. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला झोप लागू लागली.

धर्मपालची ओळख तिथेच झाली. तो उमरखेडचा, तेव्हा नुकताच कंडक्टर झालेला, आणि पाटणबोरीकरांसाठी पागल. ड्यूट्या बदलून घेऊन तो कार्यक्रमाच्या गावी मुक्कामाची गाडी मिळवायचा. माझ्या शेजारी बंडीच्या दुसऱ्या चाकाला टेकून होता. मी त्याला फक्त एवढं विचारलं, की पुढचा कार्यक्रम कुठे आहे आणि तो जाणार आहे का, आणि जाणार असेल तर मला एक कार्ड टाकील का. काय लिहू म्हणाला. मी म्हणालो, ते नावाचं कडवं घेतलं का तेवढं लिही. पुढे त्याने आणखी चार-दोन वेडे जमवले आणि कार्डांचा हा उद्योग वाढला. पण सुरुवात ती.

मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन मी सगळी कार्डं काढली. कचेरीतल्यासारखी तारेत ओवून ठेवली आहेत, सालवार. दिवा लागायच्या आत वाचून काढू म्हणून ओसरीत बसलो. धर्मपालची कार्डं पेन्सिलीने लिहिलेली असतात, बस हलत असताना. दारव्हा: 'मानूस खूप. नावाचं कडवं घेतलं. बाया रडल्या.' पुसद: 'आवाज बसेल होता. तरी कडवं घेतलं.' महागाव: 'नाव घेतलं तवा एक म्हातारी उठून उभी राह्यली.' एका मागून एक मी वाचत गेलो, आणि सहा वर्षांच्या त्या सगळ्या कार्डांत सत्यभामा हा शब्द एकदाही नव्हता. नाव घेतलं, नाव घेतलं, नाव घेतलं. कुणाचं ते नव्हतं. माझा धंदा नकलेचा. मुळात नसलेलं अक्षर नकलेत घालायचं नाही, मुळात चूक असेल तर चुकीसकट उतरवायची, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि मीच सहा वर्षं प्रत्येक कार्डावर एक शब्द स्वतःच्या पदरचा घालून वाचत आलो होतो.

मग आणखी एक गोष्ट आठवली. पाटणबोरीकर यवतमाळला या सहा वर्षांत दोनदा आले. बासष्ट साली मी निवडणुकीच्या ड्यूटीवर पांढरकवड्याला होतो. दुसऱ्या वेळी मला ताप होता. ताप होता का? अंग थोडं गरम होतं. शेजारचे बोलवायला आले तर मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि म्हणालो, मी एकदा ऐकलं आहे, पुरे. माणसाला किती ठाऊक असतं आणि किती नसतं, याचा मी त्या संध्याकाळी बराच विचार केला आणि मग कंटाळा आला.

गुरुवारी धर्मपालची गाडी यवतमाळला यायची होती. जेवणाच्या सुट्टीत मी स्टँडवर गेलो. उमरखेडची गाडी धुळीने पांढरी होऊन आली, माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, शेवटी खांद्याची पिशवी सावरत धर्मपाल उतरला. मला पाहून खूश झाला. "जयभीम बळीरामभाऊ, तुमी कसे काय इकडं?" म्हणाला. मी वामनरावांचं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, पंचफुलापर्यंत आला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ह्या वामनरावाले सांगाचं राहूनच गेलं," तो म्हणाला.

"काय सांगायचं?"

आम्ही हॉटेलात बसलो. चहा आला. तो बशीत ओतून घेत म्हणाला, "थे गावोगावचं नाव घेतात, भाऊ. दुपारी गावात पोचले का समितीवाल्याइले इचारतात, तुमच्या वस्तीतली पायी गेलती अशी बाई कोन? जे नाव देतीन थे कडव्यात. मारेगावले तुमच्या सासऱ्यानं देल्लं असन. थे तुमची बायको होती हे मले तिथंच लोकाइनं सांगतलं होतं."

"हे तुला केव्हा कळलं?"

"दारव्ह्यालेच. दुसऱ्याच कार्यक्रमाले."

"आणि तू मला लिहिलं की नाव घेतलं."

"घेतलंच होतं ना. खोटं काय लिवलं म्या?" हे तो जोरात म्हणाला आणि मग आवाज खाली आणला. "पह्यल्या कार्डाले तुमचं उत्तर आलं, भाऊ. तुमी लिवलं होतं का आज सहा महिन्यानं पोटभर जेवलो. आता सांगा, त्याच्यावर म्या काय लिवाचं? म्हटलं पुढच्या बारीले सांगू. मंग पुढच्या बारीले. मंग लई उशीर होऊन गेला."

"इतरांना ठाऊक होतं?"

"समद्याइले. म्याच सांगतलं होतं, बळीरामभाऊले नाव लिवाचं नाही म्हणून."

सहा वर्षं सात-आठ माणसं पेन्सिल हातात घेऊन एक शब्द गाळत होती. मला वाटलं मी आता चिडेन. चिडायला काहीच हरकत नव्हती. त्याने बशी खाली ठेवली होती आणि तो माझ्याकडे, सिग्नल न मिळालेल्या ड्रायव्हरने पाहावं तसा, पाहत होता. पण खरं सांगायचं तर मला फक्त थकवा आला. पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसा. मी म्हणालो, "चहा पी, थंड होतो."

"तुमी रागावले."

"नाही."

"रागवाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. गाडीची वेळ झाली म्हणून उठला. दोन पावलं गेला आणि परत आला. "रविवारी इथंच हाय कार्यक्रम, पाटीपुऱ्यात. दुपारी चारले हाय, रातच्या गाडीनं वणीले जाऊन राह्यले म्हणून. या वेळेस तरी या."

मी जायचं ठरवलं नव्हतं. पण शनिवारी आमच्या वस्तीतल्या समितीची माणसं घरी आली. चार ठराव आणि एक चिठ्ठी माझ्या अक्षरात हवी होती. चिठ्ठीवर नाव लिहायचं होतं, गायकाला द्यायला. सगळ्यांनी मिळून हंसाबाईचं नाव ठरवलं होतं. ही आमच्या मागच्या गल्लीतल्या इंदूबाईची मुलगी. छप्पन साली सव्वा महिन्याचं पोर घेऊन पायी गेली होती आणि गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या बाळंतपणात गेली. मी चिठ्ठी लिहिली. हंसाबाई. चार अक्षरं. ते गेल्यावर दुसरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, सत्यभामा. तीही चार. दोन्ही कागद सारखे घडी केले. उद्या चिठ्ठी गायकाला नेऊन द्यायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

मी काय करणार होतो ते मला पूर्ण ठाऊक होतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. एकदा तरी तिचं नाव पुन्हा घेतलं जावं. या वेळी मी पुढे बसून ऐकेन. मागे बंडीच्या चाकाशी नाही. पुढच्या गावी ती जाणार नाही हे आता ठाऊक होतं, मग निदान माझ्या गावात तरी. ती इथेच राहत होती, इथेच दाराशी बसली होती. हंसाबाईचं पुढच्या साली घेतील. असं सगळं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला नीट पटलं.

रविवारी तीन वाजता गेलो. पार्टी शाळेच्या व्हरांड्यात उतरली होती. पेटीवाला जाजमावर आडवा झाला होता. पाटणबोरीकर खांबाला टेकून मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करत होते. मैदानावर दुरून पाहिलेला तो उंच माणूस जवळून अगदी लहान होता. एका पायात मोजा, दुसरा शेजारी वाळत घातलेला. डोळ्यांखाली काळं. मला पाहून त्यांनी गुळणी टाकली, तोंड पुसलं आणि बसा म्हणून खूण केली. या माणसाला विचारण्यासारखं माझ्याजवळ सहा वर्षांचं साठलेलं होतं. मी विचारलं, "मारेगावची सत्यभामा आठवते का तुम्हाला? एकोणसाठ साली तुम्ही कडव्यात घेतली होती."

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. उगाच हो म्हणून टाकलं असतं तरी मला चाललं असतं. पण त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ घेतला, आणि म्हणाले, "नाही आठवत, भाऊ. लई नावं झाली. दर गावी एक. म्या लिहून नाही ठेवलं, ठेवाले पाह्यजे होतं." मग, "तुमची कोन होती?"

"ओळखीची होती," मी म्हणालो.

"चालली होती ना पायी?"

"पाच दिवस."

"लई चालल्या बाया," ते म्हणाले. आवाजात काही विशेष नव्हतं. माणूस खूप दमल्यावर जसा बोलतो तसं ते बोलले, आणि मला वाटलं की इतक्या बायांना रोज एकदा वर उचलून पुन्हा खाली ठेवायचं म्हणजे दमायला होणारच. त्यांनी हात पुढे केला. "द्या नाव."

मी खिशात हात घातला. दोन्ही घड्या बोटांना लागल्या. कोणती कोणती ते बोटांना कळत होतं, सत्यभामाचा कागद जाड होता, कचेरीतला. मी जाड कागद काढला आणि त्यांना दिला. त्यांनी तो उघडला, लांब धरला, जवळ धरला आणि परत माझ्याकडे दिला. "चष्मा पेटीच्या खोक्यात राह्यला. तुमीच वाचा, कानावर पडलं का बसते बरोबर."

बाहेर मैदानात सतरंज्या टाकणं चाललं होतं. अजून तास होता, माणसं यायची होती. सगळ्यांत पुढे, मधोमध, इंदूबाई एकटी बसून होती. धुतलेलं पांढरं लुगडं, डोक्यावर उन्हासाठी पदराची घडी. जवळ हंसाचं थोरलं पोर, आता आठ वर्षांचं असेल, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं होतं. तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं असणार. दुपारपासून ती जागा धरून बसली होती.

माझ्या हातात कागद होता आणि त्यावर माझ्याच सुंदर अक्षरात माझ्या बायकोचं नाव होतं. मी तोंड उघडलं. सत्यभामा म्हणायचं, एवढंच. आणि माझ्या ध्यानात आलं की ते मला म्हणता येत नाही. लग्नापासून आजवर मी ते मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं, तिला हाक मारायची तर 'ऐकलं का' म्हणायचो, आणि आता परक्या माणसासमोर ते पहिल्यांदा म्हणायचं तर तेही दुसऱ्या बाईच्या जागेवर. माझ्यात फार चांगुलपणा आहे असं कुणी समजू नये. मी अठरा वर्षं बरहुकूम नक्कल करणारा माणूस आहे. समितीने जे लिहून दिलं होतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. "हंसाबाई," मी म्हणालो.

"हंसाबाई," त्यांनी मान हलवत दोनदा म्हणून पाहिलं. "बसते. छान बसते."

मी पुढे बसून ऐकायचं म्हणालो होतो ते तसंच केलं. इंदूबाईच्या मागच्या ओळीत जागा मिळाली. आवाज खरोखर थकलेला होता, वामनरावांनी लिहिलं होतं तसा वर जाताना चिरत होता. पेटीवाला ते झाकायला सूर जरा मोठा करत होता. ही सगळी मला कार्डांवरून पाठ असलेली माहिती डोळ्यांसमोर घडताना पाहून गंमत वाटली. मग वाटेचं गाणं आलं. ऊन उतरलं होतं. हात वर गेला, ढोलकी थांबली. पायी नाही वहाण, डोई नाही छाया. हे मान्य केलं पाहिजे की त्या क्षणीसुद्धा, अजूनही, माझा कान दुसऱ्याच नावासाठी उघडा होता.

हंसाबाई निघाली नागपुराला जाया.

इंदूबाई रडली नाही. तिने झोपलेल्या पोराला गदागदा हलवून उठवलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी व्यासपीठाकडे फिरवलं. आजूबाजूच्या बाया रडत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणासाठी हे मी तपासलं नाही. मारेगावला मी रडलो नव्हतो. तेव्हाचं राहिलेलं असेल.

कार्यक्रम संपला, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या. पाटणबोरीकर दोन्ही मोजे घालून खाली उतरले आणि माणसांनी त्यांना घेरलं. मी निघालो तेवढ्यात इंदूबाईने मला हाक मारली. तिला माझ्या कार्डांचं ठाऊक आहे. सगळ्या वस्तीला आहे.

"बाबू, तुह्याजोळ त्याइच्या गाण्याचे कागद येतात ना, गावोगावचे?"

"येतात मावशी."

"मंग आता पुढच्या गावीबी घेतीन ना माह्या हंसाचं नाव?"

मी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर अगदी सोपं होतं, दोन वाक्यांचं काम. धर्मपाल मला तेव्हाच सांगता तर बरं झालं असतं, असं मी गुरुवारपासून शंभरदा घोकलं होतं. आणि समोर ही बाई उभी होती, पोराचा हात धरून, पदराने तोंड पुसत, दुपारपासून काही खाल्लेलं नसावं. मी काय म्हणणार याची ती वाट पाहत नव्हती. तिला उत्तर ठाऊकच होतं. फक्त माझ्याकडून एकदा ऐकायचं होतं.

"घेतील ना," मी म्हणालो.

"उद्या कोनतं गाव हाय?"

"वणी."

"वणीले घेतीन." ती स्वतःशी म्हणाली. "मंग?"

दौऱ्याचं पत्रक मला पाठ आहे.

"मारेगाव."

"मारेगावले हंसाले कोनी ओळखत नाही," ती म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिच्या आवाजात शंका आली. "तिथल्या दुसऱ्या बाया असतीन ना चाललेल्या. त्याइचं नाही घेनार का?"

पोर जांभई देत माझ्याकडे पाहत होतं. मागे ढोलकीला खोळ घालणं चाललं होतं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "मारेगावलाही हंसाचंच घेतील. मी तुम्हाला कार्ड वाचून दाखवीन."